राहीबाईच्या मापाची शिडी

आमच्या भोगेवाडीत भैरोबाच्या देवळाला लागून एक दगडी खोली आहे. तिला सगळे कोठी म्हणतात. गावाची भांडी तिच्यात असतात. लग्न असो, बारसं असो, नाहीतर तेरावं, माणूस आधी देवापुढं नारळ फोडायचा आणि मग भांड्यांसाठी राहीबाईच्या दारात जायचा. घाईच्या वेळी काही जण नारळ विसरायचे. राहीबाईला विसरून कुणाचं भागत नसे.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं, म्हणून देवस्थानच्या पंच कमिटीचं प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. राहीबाईच्या शिडीचं सगळं प्रकरण त्या वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. वहीत जे लिहिण्यासारखं नव्हतं, ते इथं लिहितो.

राहीबाई त्या वेळी चाळिशीच्या पुढं असेल. अंगानं रुंद, उंचीनं नवऱ्याला अर्धी वीत जास्त, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस हाक ऐकून वळायची. नवरा आकाराम फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. पूल बांधणाऱ्या पलटणीत होता असं तो सांगायचा. गावात पूल नव्हता, त्यामुळे त्याच्या ज्ञानाला वाव नव्हता.

तिच्याकडं किल्ली आली त्याचीही एक गंमत आहे. आधीचा कोठीवाला तंबाखू देईल त्याला भांडी द्यायचा आणि कुणाला दिली ते संध्याकाळपर्यंत विसरायचा. एका लग्नसराईत गावाची भांडी तीन गावांत जाऊन बसली. कमिटीनं देवळात बैठक घेतली, किल्ली कोण सांभाळणार म्हणून विचारलं, तेव्हा जमलेले सगळे बाप्ये आपापल्या पायांचे अंगठे बघू लागले. राहीबाई शेणाची पाटी घेऊन बाहेरून चालली होती. ती थांबली, पाटी डोक्यावरच ठेवून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "द्या हिकडं." महिनाभरात तिन्ही गावांतली भांडी परत आली. एका गावानं तर आपली दोन जास्तीची पाठवली.

भांड्यांवर दात्यांची नावं कोरलेली होती, बहुतेक मेलेल्यांची. राहीबाईला वाचता येत नव्हतं, पण कुठलं भांडं कुणाचं हे तिला तोंडपाठ. ती भांड्यांना नावानंच हाक मारायची. पाहुणे किती येणार ते विचारायची आणि सांगायची की भाताला तुकाराम पुरेल, आमटीला सखूबाई न्या, पण सखूबाईचं बूड एका अंगानं उचललंय, तीन दगडांवर नीट बसवा. सखूबाईचे नातू शेजारी उभे राहून हे ऐकायचे. त्यांना राग येत असेल तर तो ते पोटात ठेवायचे, कारण त्यांच्याही घरात कार्यं निघायचीच.

एकाहत्तर साली कमिटीनं लाउडस्पीकर घेतला. तो ठेवायला आणि पंचांना बसायला जागा हवी म्हणून कोठीची जमीन रिकामी करायचं ठरलं. खोलीच्या निम्म्या भागावर सागाच्या तुळया टाकून, फळ्या ठोकून माळा केला, जमिनीपासून दहा फुटांवर. भांडी वर चढवली. खाली देवाची पालखी, लाउडस्पीकर आणि पंच राहिले. वर जायचं कसं हा विषय कमिटीपुढं आलाच नाही. कमिटीतल्या कुणालाच वर जायचं नव्हतं.

बांबूची एक शिडी होती. ती गावाची होती, म्हणजे ती कधी जागेवर नसायची. कुणाचं कौल फुटलं, कुणाचं मांजर झाडावर अडकलं की शिडी तिकडं. राहीबाई आधी शिडी शोधायची, मग ती धरायला माणूस शोधायची, मग चढायची. दोन दांडे काथ्यानं बांधलेले होते आणि एक नव्हताच. खाली फरशी गुळगुळीत. शिडीचे पाय तिच्यावर तेल लावल्यासारखे सरकायचे. असं तिनं अडीच वर्षं चालवलं. कमिटीला तिनं चारदा सांगितलं. चारही वेळा मी 'विचार होऊन पुढील बैठकीत ठेवण्याचे ठरले' असं लिहिलं.

त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात एका लग्नासाठी मोठी पितळी परात काढायची होती. राहीबाईनं एका हातात परात घेतली, दुसऱ्या हातानं शिडी धरली आणि उतरू लागली. शिडी धरणारा गडी चुना मागायला दारापर्यंत गेला. शिडीचे पाय सुटले. राहीबाई आधी परातीवर आदळली आणि मग फरशीवर. आवाज ऐकून मी शाळेतून धावत गेलो. माझ्या आधी चौघं पोचले होते. त्यांनी परात उचलून उजेडात धरली होती आणि केवढा पोचा आला ते ते बघत होते.

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवं मनगट भलतीकडं वळलं होतं. ती कण्हत नव्हती. मला म्हणाली, "मास्तर, परात बरी हाय का इचारा. माजं मागनं बघू."

हाडवैद्यानं कामट्या लावून हात बांधला. दीड महिन्यानं सोडला तेव्हा हाड जुळलं होतं, पण मनगट थोडं वाकडंच राहिलं. तिला भाकरी थापता येईना. भाकरी अर्ध्यावर फाटायची. त्या दिवसांत गल्लीतल्या बायकांच्या एक गोष्ट लक्षात आली. राहीबाईचा हात गळ्यात बांधलेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही, दार आतून बंद, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. हवालदार आकाराम परातीपुढं बसायचा. त्याच्या भाकऱ्या सगळ्या एका मापाच्या व्हायच्या, पलटणीत उभ्या केल्यासारख्या. हात सुटल्यावरही त्यानं ते काम सोडलं नाही, फक्त पुढं पुढं दार लावणं सोडलं. माझ्यासमोर तो याबद्दल कधी बोलला नाही. राहीबाई एकदा बोलली. ती म्हणाली की पंचवीस वर्षांत ह्या माणसानं मला काही दिलं असेल तर ती पहिली भाकरी. एवढं म्हणून तिनं लगेच विषय बदलला.

हात सुटला त्या आठवड्यात ती बैठकीला आली. किल्ली कमरेला होतीच. तिनं सांगितलं की पक्की शिडी बसेपर्यंत मी वर चढणार नाही. किल्ली ज्याला हवी त्यानं खुशाल न्यावी आणि खुशाल पडावं. चेअरमन नाथाजी अण्णा हसले. वीस एकर उसाचे मालक, भरघोस मिशा, कडक इस्त्रीचं धोतर, आणि कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन करण्याची दांडगी हौस. ते म्हणाले, बायकामाणसाला भीती बसली, एवढंच.

मग तालमीतले दोन पैलवान वर चढवले. त्यांनी तेराव्याच्या जेवणाला पानसुपारीची तबकं काढली आणि भाताचं पातेलं वरच ठेवलं. दुसऱ्या खेपेला त्यातला एक उतरताना शिडी सोडूनच उतरला. महिनाभर त्याची कुस्ती बंद झाली आणि त्याचा बाप कमिटीवर चालून आला. तेव्हा कुठं शिडीचा विषय पुढच्या बैठकीऐवजी त्याच बैठकीत निघाला.

लाकडी जिना करावा असं एकजण म्हणाला, पण जिना केला तर पंचांनी बसायचं कुठं. आकारामला जाणकार म्हणून बोलावलं होतं. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला की फौजेत शिडी सरळ उभी असते, भिंतीला चिकटून, जागा खात नाही. हे सगळ्यांना पटलं. दाराशी उभ्या असलेल्या राहीबाईनं विचारलं, "फौजंत परात घिऊन चढत्यात व्हय?" आकाराम खाली बसला. पण ठराव झाला होता. अर्जुना लोहाराला काम दिलं. चढणार कोण, तिला विचारावं, तिचं माप घ्यावं, असं कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी तर वही घेऊन तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

पाडव्याला उद्घाटन ठरलं. शिडीला हार घातला होता. हलगीवाला आला होता. अर्जुनानं दोन लोखंडी पट्ट्या बोल्टांनी भिंतीत गाडून त्यांना गोल सळ्यांचे दांडे ठोकले होते, आणि गंज चढू नये म्हणून वरून तेलाचा हात फिरवला होता. मी राहीबाईला विचारलं, कशी काय झालीय. तिनं दांड्याच्या मागं हात घातला. भिंत आणि दांडा यांच्यामध्ये तिची चार बोटं जेमतेम गेली.

"ह्येच्यात अंगठा जाईल, मास्तर," ती म्हणाली. "पाऊल कुटं ठेवायचं?"

दांडेही सारख्या अंतरावर नव्हते. खालचे तीन जवळ, वरचे लांब. अर्जुनाकडची सळई संपत आली तसं त्यानं अंतर ताणलं होतं. हे सगळं ती सांगायला गेली तोवर अण्णांनी नारळ फोडला होता आणि हलगी सुरू झाली होती. राहीबाईनं निदान वहाणा काढा म्हणून सांगितलं. अण्णांनी नव्या कोऱ्या कोल्हापुरी वहाणांकडं एकदा पाहिलं आणि तसेच चढले.

सहा दांडे ते चांगले चढले. वरच्या लांब दांड्यांना ते धापा टाकू लागले. टोकाला पोचले तेव्हा कळलं की शिडी माळ्याच्या फळीशीच संपते. वर धरायला काही नाही. अण्णांनी दोन्ही तळहात फळीवर टेकले. फळीवर बोटभर धूळ. पोट फळीच्या कडेला अडलं. एक वहाण तेलकट दांड्यावरून घसरली आणि खाली हलगीवाल्याच्या पुढ्यात पडली. तो वाजवतच राहिला. त्याला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी मागं येण्यासाठी पाय खाली सोडला तर धोतराचा सोगा एका बोल्टाच्या टोकाला अडकला होता. मग त्यांनी सगळ्यांत वाईट गोष्ट केली. लोकांकडं तोंड वळवून खाली पाहिलं.

त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. खालून सगळे एकदम सल्ले देऊ लागले. एकजण उडी मारा म्हणाला. आकाराम फौजेतल्या हिंदीत काहीतरी हुकूम सोडत होता.

राहीबाईनं हलगीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि गर्दी बाजूला सारली. मी तिच्या अगदी जवळ होतो. पडल्यापासून ती शिडीवर चढली नव्हती. पहिल्या दांड्यावर पाय ठेवताना तिनं वाकडं मनगट आधी पदराखाली घेतलं. मग पदर सोडला, कारण दोन्ही हात लागणार होते. ती चार दांडे चढली आणि अण्णांच्या टाचा धरल्या.

"अण्णा, भिंतीकडं तोंड करा. खाली काय बी न्हाई बघन्यासारकं. दोनी हातांनी दांडा धरा. धरला? आता फकस्त डावा पाय सोडा. त्यो माझ्या हातात हाय."

अण्णा अगदी हळू म्हणाले, "धोतर अडाकलंय."

"आसू द्या. धोतार मागनं यील."

आणि तसंच झालं. एक हात सोडायचा, मग एक पाय, बाकी तिन्ही घट्ट, असं करत तिनं अण्णांना दांड्यादांड्यानं खाली आणलं. प्रत्येक पाऊल ती स्वतःच्या हातानं दांड्यावर नेऊन ठेवत होती. धोतर वरच राहिलं. चेअरमन पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर फरशीला लागले. जमलेल्या मंडळींनी मोठ्या सभ्यपणानं देवाकडं तोंडं फिरवली. देवानं कुठं फिरवलं ते माहीत नाही. हलगीवाल्याला वाटलं कार्यक्रम पुरा झाला, त्यानं पुन्हा सुरू केलं. प्रोसिडिंगमध्ये मी लिहिलं आहे की उद्घाटनाचा समारंभ उत्साहात पार पडला.

चार दिवस अण्णा घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी राहीबाईला बोलावणं पाठवलं. मलाही वही घेऊन बोलावलं होतं. ते खूप वेळ पान जुळवत बसले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुला कशी पायजे तशी करून घे." मी वही उघडली तर म्हणाले, लिहू नका मास्तर, फक्त ठराव लिहा.

राहीबाई दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सांगलीला गेली. तिची थोरली बहीण तिथं होती. बहिणीचा नवरा जोतिबा हळदीच्या एका वखारीत हमाल होता. वखारीत बारदान आणि दोऱ्या ठेवायला उंच माळा आहे आणि तिथं लोखंडी शिडी आहे, एवढं ती ऐकून होती. तिनं नंतर मला सगळं सांगितलं, कारण तिच्या डोक्यातली मापं मला कागदावर उतरवून द्यायची होती.

जोतिबा लंगडत चालायचा. त्यानं मेव्हणीला पिवळ्याधमक वखारीत नेऊन शिडी दाखवली. ती भिंतीला चिकटलेली नव्हती. खालचा पाय तीन फूट पुढं होता, त्यामुळे चढताना अंग आपोआप शिडीवर रेलायचं. दांड्यांऐवजी चपट्या पायऱ्या, पाऊल मावेल एवढ्या. दोन्ही अंगांना कठडा, आणि तो कठडा माळ्यावरही छातीपर्यंत गेलेला. वर पोचल्यावर माणूस हातात काहीतरी धरूनच फळीवर पाय टाकत होता. माळ्याच्या तोंडाशी साखळी. राहीबाई तीनदा चढली, तीनदा उतरली. विती टाकून पायऱ्यांमधलं अंतर मोजलं. एक वीत आणि चार बोटं, सगळीकडं तेवढंच, ना कमी ना जास्त.

तिनं दाजींना विचारलं की शेटला एवढी अक्कल कुठून आली. जोतिबानं आपल्या पायाकडं बोट दाखवलं. आधी इथंही बांबूच होता. पाठीवर बारदानाचा गठ्ठा घेऊन तो त्याच्यावरून पडला होता. तो पडला त्या वर्षी ही शिडी बसली. मग त्यानं तिला सगळ्यांत मोठी गोष्ट सांगितली.

"शिडी मानसाची असती, राही. वझ्याची वाट येगळी. वझं हातात घिऊन चढलीस तर सोन्याची शिडी बी तुला पाडंल."

आणि त्यानं वर तुळईला टांगलेली कप्पी दाखवली. दोर, आकडा आणि टोपली. माणूस रिकाम्या हातानं वर जायचा, माल टोपलीतून वरखाली व्हायचा. राहीबाई म्हणाली की हे बघून मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. विहिरीवर जन्मभर कप्पीनं पाणी ओढलं, आणि परात मात्र हातात धरून उतरत राहिले.

गावी परतल्यावर ती अर्जुनाच्या भात्यापाशी जाऊन बसली. रुंदी किती ठेवू म्हणून अर्जुनानं विचारलं तर ती उभी राहिली, कंबरेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली की गावात माझ्यापेक्षा रुंद कुणी नाही, मी मावले की गाव मावलं. अर्जुनानं लाजत लाजत दोरीनं माप घेतलं आणि दोन बोटं जास्त धरली. पायऱ्यांवर पाय सरकू नये म्हणून तिनं छिन्नीनं खाचा मारायला लावल्या. वरच्या दोन टोकांना तुळईत आरपार बोल्ट, खालच्या दोन पायांना फरशी फोडून सिमेंट. बोल्टांची टोकं कापून घासून घेतली. का, ते अर्जुनाला सांगावं लागलं नाही.

अडचण एकच निघाली. शिडीचा पाय पुढं आला तो नेमका पालखीच्या जागेशी. दोन पंच म्हणाले की बाईमाणूस देवाच्या पालखीवरून ये-जा करणार, हे शास्त्राला धरून नाही. राहीबाईनं विचारलं की पालखीच्या गादीवर उंदीर हागतात, त्यांना कुठल्या शास्त्रानं परवानगी दिली. ती गादी दर वर्षी मीच झाडते, म्हणून विचारतेय. पालखी दोन हात डावीकडं सरकली. ती आधीही सरकवता आली असती.

अक्षयतृतीयेच्या आधी शिडी बसली, शेजारी कप्पीला टोपली टांगली. या वेळी हार नव्हता, हलगी नव्हती. राहीबाईनं अर्जुनाला वीस वेळा चढ-उतार करायला लावलं, त्यातल्या पाच वेळा ओल्या पायांनी. एक पायरी किंचित कुरकुरली, ती तिनं काढून पुन्हा बसवून घेतली. मग स्वतः चढली. वर गेल्यावर ती बराच वेळ खाली आली नाही. मी हाक मारली तर म्हणाली की थांबा मास्तर, मेलेल्यांची ख्यालीखुशाली विचारतेय. पाच महिन्यांनी भांड्यांना हात लावत होती.

तिचे नियम मग गावाला पाठ झाले. एका वेळी एकच माणूस. वहाणा खाली. हात तेलकट असतील तर आधी राखेनं घासायचे. हातात काही घ्यायचं नाही, सगळं टोपलीतून, आणि टोपली हलत असताना तिच्याखाली कुणी उभं राहायचं नाही. चढताना-उतरताना तोंड शिडीकडं. वर गेलं की आधी साखळी लावायची. आणि प्यालेल्या माणसानं शिडीला हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमामुळे सूर्य मावळल्यावर निम्मी कमिटी आपोआप बाद व्हायची. आकारामनं टोपलीच्या दोराला फौजेतली एक गाठ मारून दिली. ती गाठ पाच वर्षांत एकदाही सुटली नाही, आणि हवालदाराच्या ज्ञानाला अखेर गावात वाव मिळाला.

शिडी झाल्यावर राहीबाईला एक सवय लागली. उन्हाळ्यात दुपारी ती माळ्यावर जाऊन पडायची. दगडी भिंत, वर झरोका, गावात तेवढी गार जागा दुसरी नव्हती. कमिटीला हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण ते प्रोसिडिंगचा विषय नव्हता.

सत्याहत्तरच्या वैशाखात भर दुपारी बैठक बसली. विषय असा की कोठीची किल्ली अण्णांच्या पुतण्याकडं द्यावी. पुतण्या रिकामा होता, त्याला काहीतरी हुद्दा हवा होता. पंच मोकळेपणानं बोलू लागले. बाई तोंडाळ आहे, बाई कुणाचा मान ठेवत नाही, आता शिडीसुद्धा चांगली आहे तर कुणीही चढेल. मी लिहीत होतो आणि वर बघायचं टाळत होतो. ठराव पुरा झाला, अण्णांनी सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात वर साखळी वाजली.

राहीबाई उतरू लागली. तोंड शिडीकडं, पाठ आमच्याकडं. एक हात, एक पाय, मग दुसरा हात, दुसरा पाय. एकूण नऊ पायऱ्या. ती एकही पायरी घाईनं उतरली नाही. ती भली रुंद पाठ हळूहळू खाली येत होती. फरशीवर पाय टेकल्यावर ती वळली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खोडा," ती म्हणाली.

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. मी खोडलं. त्या पानावर अजून ती आडवी रेघ आहे आणि खाली 'इतर विषय नसल्याने बैठक संपली' असं लिहिलेलं आहे.

एकोणऐंशीला राहीबाईचे गुडघे दुखू लागले. तिनं आपण होऊन किल्ली खाली ठेवली आणि सुलाबाईचं नाव सुचवलं. सुलाबाई तरणी, लिहिता-वाचता येणारी आणि काडीसारखी बारीक. पहिल्याच आठवड्यात तिची तक्रार आली की शिडी फार रुंद आहे, दोन्ही कठडे धरायचे तर हात ताणावे लागतात. राहीबाईला हे कळलं तेव्हा ती दिवसभर फुगून बसली होती. आकारामनं दोन भाकऱ्या जास्त केल्या तरी बोलेना. संध्याकाळी स्वतःच देवळाकडं आली, कोठीच्या उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली की पोरीचं खरं आहे, जिला चढायचं तिच्या हाताला बसली पाहिजे.

कमिटीची बैठक झाली. अर्जुनाला बोलावलं. एका पंचानं तोंड उघडलं तशी अण्णांनी त्याला हातानं थांबवलं आणि सुलाबाईला आधी चढून दाखवायला सांगितलं. ती चढली, उतरली, आणि हात कुठपर्यंत आरामात पोचतात ते अर्जुनाला दाखवलं. त्यानं खडूनं खूण केली. मी माप वहीत लिहून घेतलं, विती आणि बोटांत.